पिंजरे, कोटा आणि बर्फ : ‘डेडलिएस्ट कॅच’विषयी वाचकांचे प्रश्न

‘डेडलिएस्ट कॅच’ (‘सर्वांत जीवघेणी पकड’) ही डिस्कव्हरी वाहिनीवरील माहितीपट-मालिका एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून ती अलास्काच्या पश्चिमेकडील बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्या बोटींबरोबर हंगामामागून हंगाम समुद्रावर जात आली आहे. या मालिकेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : या मालिकेतील प्रसंग खरे असतात की कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेले असतात? आणि हे सारे टिपणारी माणसे वादळात बोटीवर कोठे असतात?

उत्तर : बोटी खऱ्या आहेत, आणि कॅमेरा नसता तरी त्या समुद्रावर गेल्याच असत्या. अल्यूशियन बेटांच्या माळेतील उनालास्का येथील डच हार्बर हे बंदर या व्यवसायाचे मुख्य ठाणे आहे. तेथून निघणाऱ्या बोटीला किती खेकडे पकडण्याची मुभा आहे आणि ते खेकड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कोणत्या कारखान्यात केव्हा उतरवायचे आहेत, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. चांगल्या दृश्यासाठी त्यात फेरफार करणे कोणत्याही कप्तानाला परवडणारे नाही. बोटीवर साधारणपणे दोन जणांचे चित्रीकरण पथक असते. ते खलाशांच्याच अरुंद बिछान्यांवर झोपते, त्यांच्याच टेबलावर जेवते आणि काम चालू असेपर्यंत जागे राहते. याखेरीज सुकाणूच्या खोलीत आणि डेकच्या वरच्या बाजूला स्थिर कॅमेरे बसवलेले असतात. हातात कॅमेरा घेऊन डेकवर उभे राहणाऱ्याला खलाशाइतकेच सावध असावे लागते, कारण पिंजरा समुद्रात सोडला की त्याच्यामागोमाग दोराची वेटोळी विलक्षण वेगाने सुटत जातात आणि अशा वेटोळ्यात पाय असलेला माणूस पिंजऱ्याबरोबर तळाकडे खेचला जाऊ शकतो.

घटना खऱ्या असल्या तरी त्यांची गती मात्र संपादकाच्या टेबलावर ठरते. अनेक आठवड्यांचे चित्रीकरण पाऊण तासाच्या भागात बसवायचे असल्यामुळे वाट पाहण्याचा, नुसत्या प्रवासाचा, इंजिनच्या खोलीतील दुरुस्तीचा आणि कारखान्याच्या धक्क्यावर रांगेत ताटकळण्याचा काळ जवळजवळ सगळा गाळला जातो. निवेदनाचा सूर चढतो, दोर ताणला जातो, जाहिराती लागतात, आणि परत आल्यावर बहुतेक वेळा काहीच बिघडलेले नसते. वेगवेगळ्या बोटींचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवल्यामुळे त्यांच्यात अटीतटीची शर्यत चालू असल्याचा भासही होतो. यातील कशाचाही मला राग येत नाही, कारण दूरचित्रवाणीला कथानक लागते. तरीही या मांडणीमुळे प्रेक्षकाच्या मनात धोक्याचे जे चित्र तयार होते ते अपुरे असते, आणि पुढील काही उत्तरांत ते भरून काढण्याचा मी प्रयत्न केला आहे.

प्रश्न : डेकवर नेमके काय काम चालते? तो लोखंडी पिंजरा किती जड असतो, आणि खेकडे कोठे सापडतील हे कप्तानाला कसे कळते?

उत्तर : पिंजरा म्हणजे पोलादी सळयांची चौकट आणि तिच्यावर ताणलेली नायलॉनची जाळी. त्याची लांबी-रुंदी साधारण सात-सात फूट, उंची तीन फुटांच्या आसपास आणि वजन रिकामा असताना पावणेतीनशे ते साडेतीनशे किलोपर्यंत असते. आत हेरिंग किंवा कॉड माशाचे आमिष टांगून पिंजरा उतरणीसारख्या यंत्रफळीवर ठेवला जातो, फळी तिरपी होते आणि तो समुद्रात घसरतो. त्याला बांधलेल्या दोराच्या वरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारे रंगीत बोये असतात. एका ओळीत ठरावीक अंतराने असे अनेक पिंजरे टाकले जातात आणि एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक काळ, ते तळाशी राहू दिले जातात.

परत आल्यावर एक खलाशी दोराला बांधलेला आकडा फेकून बोया पकडतो, दोर हायड्रॉलिक कप्पीवर चढवला जातो आणि पिंजरा वर येतो. मालिकेत सर्वाधिक वेळा दिसणारे दृश्य हेच आहे, परंतु मला त्यानंतरचे काम अधिक पाहण्यासारखे वाटते. पिंजरा वर्गवारीच्या टेबलावर रिता होतो आणि खलाशी काही क्षणांत नर कोणता, मादी कोणती, ठेवण्याजोगा कोणता आणि परत सोडायचा कोणता याचा निर्णय घेतात. येथे फक्त नर ठेवण्याची परवानगी आहे. ब्रिस्टल उपसागरातील तांबड्या किंग क्रॅबच्या पाठीच्या कवचाची रुंदी किमान साडेसहा इंच असावी लागते. शंका आली तर मापाची पट्टी लावली जाते. माद्या आणि लहान नर पाण्यात परत जातात. बंदरात माल उतरवताना अवैध खेकडे आढळले तर दंड होतो, म्हणून कप्तान वरच्या खोलीतून ओरडताना दिसतो, तो निव्वळ स्वभावाने तापट असतो म्हणून नव्हे.

ठेवलेले खेकडे बर्फात घातले जात नाहीत. ते बोटीच्या पोटातील टाक्यांमध्ये जिवंत ठेवले जातात आणि त्या टाक्यांतून समुद्राचे पाणी सतत खेळवले जाते. मेलेल्या खेकड्याचे मांस फार लवकर खराब होते आणि त्याचा परिणाम टाकीतील इतरांवरही होतो. कारखाना मेलेल्या खेकड्याचे पैसे देत नाही. पंप बंद पडल्यावर सगळ्या बोटीवर जी धावपळ होते तिचे कारण हे आहे.

जागा शोधण्याच्या बाबतीत कोणतेही यंत्र पुरेसे ठरत नाही. पाण्याची खोली, तापमान आणि तळाचे स्वरूप यंत्रांवर कळते, परंतु तळावर चालणारे खेकडे मासळीच्या थव्यासारखे पडद्यावर उमटत नाहीत. म्हणून कप्तान आधी चाचणीसाठी विरळ ओळ टाकतो, मागील अनेक वर्षांच्या नोंदवह्या चाळतो आणि मित्र-कप्तानांशी सांकेतिक भाषेत बोलतो. एखाद्या ओळीतून माद्या व पिल्लेच वर येऊ लागली तर नर कोणत्या बाजूला असतील याचा अंदाज बांधणे हे खरे कसब आहे, आणि ‘नॉर्थवेस्टर्न’ बोटीचे सिग हॅन्सन यांच्यासारख्या, मासेमारी करणाऱ्या कुटुंबातून आलेल्या कप्तानांकडे हे कसब घरातूनच आलेले असते.

प्रश्न : प्रचंड लाट डेकवर कोसळते तेव्हा धडकी भरते. या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका लाटांचाच आहे का?

उत्तर : लाटेमुळे माणसे जखमी होतात, वाहूनही जातात, यात शंका नाही. परंतु किती माणसे कशामुळे मेली याचा हिशेब पाहिला तर सर्वांत मोठा धोका खुद्द बोट उलटण्याचा किंवा बुडण्याचा आहे. अमेरिकेतील २००० ते २००९ या दहा वर्षांतील सर्व प्रकारच्या व्यावसायिक मासेमारीचा अधिकृत आढावा घेतला गेला, तेव्हा ५०४ मृत्यूंपैकी २६१ मृत्यू बोटीवरील आपत्तींत, म्हणजे मुख्यतः ती बुडाल्यामुळे किंवा उलटल्यामुळे झालेले आढळले. आणखी १५५ माणसे बोटीवरून पाण्यात पडून मेली, आणि त्यांपैकी एकाच्याही अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. या शेवटच्या वाक्यापुढे कोणत्याही धाडसकथेचा टिकाव लागत नाही असे मला वाटते.

आता बोट का उलटते ते पाहू. वजन जितके खाली तितकी बोट स्थिर, हे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. खेकड्यांच्या बोटीवर मात्र हंगामाच्या सुरुवातीला शेकडो किलोंचे पिंजरे डेकवर थरावर थर रचलेले असतात. असे शंभर पिंजरे म्हणजे तीस टनांच्या आसपास वजन, आणि तेही पाण्याच्या पातळीच्या बरेच वर. त्यात हिवाळ्यात हवेचे तापमान शून्याखाली उतरलेले असताना जोराचा वारा सुटला की लाटांचे तुषार उडून रेलिंगवर, दोरखंडांवर आणि पिंजऱ्यांच्या जाळीवर गोठतात. जाळीचा प्रत्येक धागा बर्फ धरून ठेवतो. एक घनमीटर बर्फाचे वजन नऊशे किलोंच्या घरात असते, आणि वारा एकाच बाजूने येत असेल तर ते सारे वजन एकाच बाजूला चढते. खलाशी लाकडी व लोखंडी हातोडे घेऊन बर्फ फोडताना दिसतात ते यामुळे. टाक्यांचीही गोष्ट अशीच आहे : त्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या असाव्या लागतात, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी बोट कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते.

येथे दूरचित्रवाणीची एक मर्यादा येते. बोट झटक्याने डोलते, माणसे आपटतात, कपबशा उडतात, ही दृश्ये पडद्यावर भयंकर वाटतात. पण झटक्याने सरळ होणारी बोट बहुधा स्थिर असते. अनुभवी कप्तान ज्याला भितो ते डोलणे संथ असते. बोट एका बाजूला कलते, तेथे क्षणभर रेंगाळते आणि सावकाश परत येते, तेव्हा वरचे वजन फार झाल्याची ती खूण असते. प्रेक्षकाला हे डोलणे आरामशीर वाटेल, आणि चित्रीकरण करणाऱ्यालाही त्यात टिपण्यासारखे काही दिसणार नाही.

मालिकेच्या काळात घडलेल्या दुर्घटना याला साक्ष आहेत. १५ जानेवारी २००५ रोजी, स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीच्या खेकड्यांचा हंगाम ज्या दिवशी उघडला त्याच दिवशी, ‘बिग व्हॅली’ ही बोट सेंट पॉल बेटाच्या पश्चिमेला उलटली. सहांपैकी एकच जण वाचला. तिच्यावर सुरक्षित मर्यादेहून अधिक पिंजरे होते. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी सेंट जॉर्ज बेटाजवळ ‘डेस्टिनेशन’ ही बोट सहाही जणांसह बुडाली. तपासात बर्फाच्या थराबरोबरच हेही पुढे आले की बोटीच्या स्थैर्याच्या पुस्तिकेत पिंजऱ्याचे जे वजन धरले होते त्यापेक्षा प्रत्यक्ष पिंजरे जड होते. ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री ‘स्कँडीज रोझ’ बुडाली, सातांपैकी दोघे वाचले, आणि तेथेही बर्फ व स्थैर्याविषयीच्या सदोष सूचना ही कारणे नोंदवली गेली. शेवटच्या दोन्ही बोटींवरचे कप्तान अननुभवी नव्हते. कागदावरचा आकडा चुकीचा असेल तर अनुभवी माणूसही चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून निघतो.

प्रश्न : मग ‘सर्वांत जीवघेणी’ हे नाव आजही योग्य आहे का?

उत्तर : १९९० च्या दशकात ते योग्य होते. त्या दशकात बेरिंग समुद्रातील खेकड्यांच्या व्यवसायात वर्षाला सरासरी सात माणसे मृत्युमुखी पडत असत, आणि या कामात गुंतलेल्या माणसांची संख्या पाहता हे प्रमाण भयानक आहे. १९८८ च्या कायद्याने इमर्शन सूट (थंड पाण्यात सर्वांग झाकणारा जलरोधक पोशाख), लाइफ राफ्ट (जीवरक्षक तराफा) आणि बोट बुडताच आपोआप संकेत पाठवणारे यंत्र सक्तीचे केले होते. त्यामुळे बुडालेल्या बोटींवरची काही माणसे वाचू लागली, परंतु बोटी बुडायच्या थांबल्या नाहीत. १९९९ पासून तटरक्षक दलाने हंगाम उघडण्यापूर्वी धक्क्यावर जाऊन पिंजऱ्यांची संख्या बोटीच्या स्थैर्याच्या कागदपत्रांशी ताडून पाहण्यास सुरुवात केली, आणि मृत्यूंचे प्रमाण ठळकपणे खाली आले. मालिका लोकप्रिय झाली तोपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तळाच्या मासळीची व शिंपल्यांची मासेमारी आणि पश्चिम किनाऱ्यावरील डंजनेस खेकड्यांची मासेमारी प्रमाणाच्या दृष्टीने अधिक जीवघेणी ठरत होती. धक्क्यावर वही घेऊन पिंजरे मोजणाऱ्या अधिकाऱ्याला पडद्यावर फारशी जागा मिळत नाही याची मला खंत वाटते.

प्रश्न : सुरुवातीच्या भागांत सगळ्या बोटी काही दिवसांतच हंगाम उरकताना दिसतात, नंतरच्या भागांत मात्र काम आठवडेच्या आठवडे चालते. हा बदल का झाला?

उत्तर : मालिकेचा पहिला हंगाम ज्या काळात चित्रित झाला तो जुन्या पद्धतीचा शेवटचा काळ होता. त्या पद्धतीत संपूर्ण ताफ्यासाठी एकच मर्यादा ठरलेली असे. ठरल्या वेळी हंगाम उघडे, ज्याला जितके मिळतील तितके खेकडे तो पकडे आणि एकूण मर्यादा गाठली की हंगाम बंद होई. किंग क्रॅबचा सारा हंगाम अशा रीतीने काही दिवसांत संपत असे. परिणामी वादळ आले तरी बंदरात थांबण्याची सोय नव्हती, कारण आपण थांबलो तर आपला वाटा दुसरा घेऊन जाणार. झोप न घेता दोन-तीन दिवस सलग काम करणे, बोटीवर जास्तीत जास्त पिंजरे चढवणे आणि बर्फ फोडण्यात वेळ न घालवणे, या सगळ्यांना ही पद्धत एक प्रकारे बक्षीसच देत होती. माणसे बेदरकार होती असे म्हणून भागणार नाही. नियमच त्यांना घाई करायला लावत होता.

२००५ मध्ये प्रत्येकाच्या पूर्वीच्या पकडीच्या आधारे वैयक्तिक कोटा देण्याची पद्धत आली. तुमचा वाटा तुमच्या नावावर आहे, तो तुम्ही हंगामाच्या मुदतीत केव्हाही पकडा. दुसऱ्या हंगामापासून मालिकेचा पोत बदललेला दिसतो त्याचे कारण हे आहे. वादळात बेटाच्या आडोशाला थांबणे आता शक्य झाले.

परंतु या बदलाची किंमत मोठी होती आणि ती सर्वांनी सारखी मोजली नाही. कोटा मुख्यतः बोटींच्या मालकांना मिळाला. कप्तान आणि खलाशी यांच्यासाठी अगदी छोटा हिस्सा राखून ठेवला गेला. अनेक मालकांनी आपला कोटा दुसऱ्या बोटीला भाड्याने दिला आणि स्वतःची बोट धक्क्याला बांधून ठेवली. किंग क्रॅबसाठी निघणाऱ्या बोटींची संख्या अडीचशेच्या घरातून एकाच वर्षात शंभराच्या आत आली, आणि उरलेल्या दीडशे बोटींवरच्या खलाशांची कामे गेली. जे टिकले त्यांना अधिक दिवसांचे व अधिक सुरक्षित काम मिळाले, पण भाड्याने घेतलेल्या कोट्याचे भाडे वजा झाल्यावरच त्यांचा वाटा निघू लागला. सुरक्षिततेचे सारे श्रेय या पद्धतीला देणारे लोक मला भेटतात. मृत्यू घटण्यास त्यापूर्वीच, पिंजरे मोजण्यापासून सुरुवात झाली होती, हे त्यांनी विचारात घ्यावे. तरीही त्या जुन्या शर्यतीकडे परत जावे असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याशी सहमत होऊ शकणार नाही.

प्रश्न : खलाशांना पगार किती मिळतो?

उत्तर : ठरावीक पगार नसतो, वाटा असतो. पकडीच्या किमतीतून इंधन, आमिष, जेवणखाण आणि कोट्याचे भाडे वजा होते, बोटीचा हिस्सा निघतो आणि उरलेल्यातून प्रत्येक खलाशाला ठरलेला टक्का मिळतो. नवख्याचा टक्का कमी असतो किंवा त्याला ठोक रक्कम दिली जाते. चांगल्या हंगामात थोड्या आठवड्यांत मोठी कमाई होते, आणि मालिका तोच आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवते. वाईट हंगामात पदरी फारसे काही पडत नाही, आणि दुखापत झालेला खलाशी पुढच्या फेरीला जाऊ शकला नाही तर त्या फेरीतला त्याचा वाटा बुडू शकतो. वर्षाचा हिशेब पाहिल्याशिवाय हंगामाच्या आकड्यावर विसंबू नये.

प्रश्न : त्या पाण्यात पडलेला माणूस किती वेळ जिवंत राहू शकतो?

उत्तर : थंडीने गोठून माणूस मिनिटभरात मरतो हा समज खरा नाही, आणि तो घातकही आहे, कारण त्यामुळे माणूस प्रयत्न सोडून देतो. बर्फाळ पाण्यात पडताच श्वासावरचा ताबा सुटतो आणि धाप लागते. हा पहिला सुमारे एक मिनिट तोंड पाण्याबाहेर ठेवता आले पाहिजे. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटे. शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागू शकतो. म्हणजे जाकीट नसलेला माणूस बहुतेक वेळा शरीर गोठण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाल्यामुळे बुडतो. इमर्शन सूट हा सारा काळ अनेक पटींनी वाढवतो, म्हणून तो एका मिनिटात चढवण्याचा सराव बंदरात असतानाच करून घेतला जातो. ‘स्कँडीज रोझ’चे दोघे खलाशी सूट घालून राफ्टपर्यंत पोहोचले आणि काही तासांनी हेलिकॉप्टरने त्यांना उचलले.

प्रश्न : कप्तान फिल हॅरिस यांचे आजारपण आणि मृत्यू मालिकेत दाखवले गेले. एखाद्या कुटुंबाच्या दुःखावर असा कॅमेरा रोखणे योग्य होते का?

उत्तर : जानेवारी २०१० च्या अखेरीस ‘कॉर्नेलिया मरी’ बोटीवरचा माल सेंट पॉल बेटावर उतरवला जात असताना फिल हॅरिस यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला, त्यांना विमानाने अँकरेजला नेण्यात आले आणि ९ फेब्रुवारी रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जॉश आणि जेक हे त्यांचे दोन्ही मुलगे त्याच बोटीवर काम करत होते. चित्रीकरण थांबवू नये अशी खुद्द हॅरिस यांची इच्छा होती, असे निर्मात्यांनी तेव्हा सांगितले होते.

माझे मत असे आहे की संमती असली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण आजारी माणसाची संमती आणि त्याच्या मुलांची संमती एक नसते, आणि नंतर दिलेली संमती पहिल्या रात्रीच्या दृश्याला लागू पडतेच असे नाही. असे असूनही ते भाग मला टाळण्याजोगे वाटले नाहीत. लाटेने मरणारा कप्तान प्रेक्षकाला अपेक्षित असतो. वर्षानुवर्षे अपुरी झोप, सिगारेट, ताण आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय यांनी झिजलेला कप्तान त्याला प्रथमच दिसला. मालिकेने या व्यवसायाचे जे जे दाखवले त्यात हे दृश्य सर्वांत प्रामाणिक आहे. रुग्णालयातील काही क्षण मात्र संगीताशिवाय, थोडक्यात सांगून भागले असते.

प्रश्न : अलीकडच्या काही वर्षांत हंगामच रद्द झाले असे ऐकले. इतके खेकडे पकडले गेले की ते संपून गेले, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर : दोन वेगवेगळ्या खेकड्यांच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी येथे एकत्र होतात. ब्रिस्टल उपसागरातील तांबड्या किंग क्रॅबच्या माद्यांची संख्या ठरवलेल्या मर्यादेखाली गेल्यामुळे २०२१ आणि २०२२ असे सलग दोन हंगाम उघडले गेले नाहीत. २०२३ मध्ये तो पुन्हा मर्यादित स्वरूपात उघडला. स्नो क्रॅबची गोष्ट अधिक धक्कादायक आहे. २०१८ च्या सुमारास सर्वेक्षणांत लहान स्नो क्रॅब विपुल प्रमाणात दिसत होते आणि ते मोठे झाल्यावर भरघोस हंगाम येतील अशी सर्वांची अपेक्षा होती. २०२१ च्या सर्वेक्षणात ते जवळजवळ दिसेनासेच झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्का राज्याच्या मत्स्य विभागाने बेरिंग समुद्रातील स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात प्रथमच रद्द केला, आणि पुढच्या वर्षीही तो बंदच राहिला.

याचे कारण जाळ्यांत किंवा पिंजऱ्यांत सापडत नाही. नाहीशा झालेल्या खेकड्यांपैकी बहुसंख्य पकडण्याच्या मापाचेच नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दहा अब्जांहून अधिक स्नो क्रॅब नाहीसे झाले, आणि २०१८ व २०१९ मधील सागरी उष्णतेच्या लाटेशी त्याचा संबंध होता. हा खेकडा लहान असताना दोन अंशांपेक्षा थंड अशा तळाच्या पाण्यात राहतो. हिवाळ्यात समुद्रावर बर्फ कमी साचला की पुढच्या उन्हाळ्यात या थंड पाण्याचा पट्टा आक्रसतो. पाणी तापले की खेकड्याच्या शरीराची अन्नाची गरज वाढते, आणि त्याच वेळी असंख्य खेकडे आक्रसलेल्या जागेत दाटीवाटीने राहत होते. उपासमार हे त्यांच्या मृत्यूचे सर्वांत संभाव्य कारण म्हणून पुढे आले. बोटींवरच्या माणसांना वर्षानुवर्षे बर्फाचा काच होत आला असताना त्यांच्या उपजीविकेला मात्र त्याच बर्फाचा आधार होता.

याचा अर्थ मासेमारीवर निर्बंध नकोत असा कोणी काढू नये. संकटात सापडलेल्या साठ्यातून थोडेही काढणे धोक्याचे असते, आणि हंगाम बंद करण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. परंतु कप्तानांनी नियम पाळले, माद्या सोडल्या, मापाच्या पट्ट्या लावल्या, आणि तरीही समुद्र रिकामा झाला, हे त्यांच्या बाजूने सांगितले गेले पाहिजे. मालिकेने त्या वर्षांत कर्जाचे हप्ते, विकायला काढलेल्या बोटी आणि दुसऱ्या जातीच्या खेकड्यांमागे निघालेले कप्तान दाखवले. ज्या खलाशांकडे कोटाही नाही आणि बोटही नाही, ते त्या काळात कोठे गेले, हे तिने अधिक विस्ताराने दाखवायला हवे होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम पुन्हा उघडला तेव्हा एकूण मर्यादा ४७ लाख पौंड, म्हणजे सुमारे २,१०० टन होती. पडझड होण्यापूर्वीच्या २०२०-२१ च्या हंगामात ती साडेचार कोटी पौंड होती. दहावा हिस्साच उरला असल्यामुळे त्या हंगामात थोड्याच बोटींनी निघणे परवडणारे होते. अशा वेळी लहान वाटे असलेले मालक आपला कोटा एकत्र करून एकाच बोटीला देतात, आणि बाकीच्या बोटी त्या हिवाळ्यात बंदरातच राहतात.